मल्लव्वाचा गुमास्ता

शाहू महाराज गादीवर आल्यानंतर दहा-बारा वर्षांनी मल्लव्वाचा नवरा वारला आणि मुरगूडजवळच्या त्या गावाची पाटीलकी तिच्या नावावर चढली. नाव तिचं, चावडीत बसायला मात्र भाऊबंदांतला पुरुषच हवा. तिनं गुमास्ता म्हणून त्याचं नाव द्यायचं आणि कारभार त्यानं करायचा. वा रे पाटीलकी!

भाऊबंद म्हणजे दोन चुलतदीर, नागाप्पा आणि महालिंग. बांधावरून दोघांचं विळ्याभोपळ्याचं सख्य. मल्लव्वानं नागाप्पाचं नाव दिलं, पण आधी त्याला बेलभंडारा उचलायला लावला, की वैनीला विचारल्याबिगर निकाल द्यायचा न्हाय. त्यानं हयगय केली तर महालिंगाचं नाव घालीन, एवढा धाक पुरे होता.

नागाप्पा रोज सकाळी यायचा, चावडीतलं सगळं सांगायचा. ती ठरवायची, तो तसं करायचा. त्याची पाठ वळली की महालिंग त्याच्या चहाड्या घेऊन हजर. पोरंबाळं नसलेल्या घरात तेवढाच माणसांचा आवाज. खरं सांगायचं तर पाटीलकीपेक्षा तिला त्या आवाजाचीच गोडी लागली होती.

मग बेंदराला बैलांच्या मिरवणुकीत कुणीतरी नागाप्पाला ‘पदराखालचा पाटील’ म्हणालं. गडी पेटला. आठ दिवसांत तो आणि महालिंग एका ताटात जेवले. बांध मिटला, बेंदराचा मानही वर्षाआड वाटून घेतला. मल्लव्वाकडं यायचं दोघांनीही बंद केलं.

पंधरा दिवस ती दाराकडं कान लावून बसली. शेवटी अभिमान गिळून स्वतःच नागाप्पाच्या दारात गेली.

“भावजी, शपथ मोडलीसा. कचेरीत जाऊन तुमचं नाव काढीन.”

“काढा की, वैनी!” नागाप्पा हसला. “पर दुसरं कुणाचं घालतासा? महालिंगाचंच न्हवं? आमचं ठरलंय. त्यो बसला काय न् मी बसलो काय.”

तरी ती बैलगाडी जुंपून कोल्हापूरला गेलीच. कारकुनानं तिचा अर्ज वाचला.

“नागाप्पाचं नाव काढायचं. बरं, मग आता कुणाचं लिहू?”

“माझं ल्हिवा.”

“बाईचं चालत नाही. पुरुषाचं सांगा. सुचत नसेल तर कुणाला तरी विचारून या.”

मल्लव्वाला तिथंच रडू फुटलं. असला पेच पडला की आजवर ती नागाप्पाशी बोलायची, नाहीतर महालिंगाशी. तिसरं कुणी तिच्याशी बोलतच नव्हतं.