पाव्याला जुळवलेली गिटार

मी भरतची गिटार बोलतेय. रंगाने लाल, एका कोपऱ्यावर थोडी खरचटलेली. भरत सुरतेला कामाला होता, तिथून त्याने मला आणलं. बसमध्ये त्याने मला मांडीवर घेतलं आणि स्वतःची पिशवी पायाखाली ठेवली.

शहाद्याला आल्यावर त्याने रॉक बँड काढला. ड्रम वाजवायला कळसाडीचा धीरज आला. भरतचे मामा दलसिंग सातपुड्यातल्या आपल्या पाड्यावरून पावा घेऊन आले. पावा म्हणजे बांबूची बासरी. बांबूला खुंट्या नसतात, त्याचा सूर बदलता येत नाही. म्हणून भरतने माझ्याच सहा खुंट्या ढिल्या केल्या आणि मला मामांच्या पाव्याशी जुळवलं. मला ते आवडलं. वडीलधाऱ्या माणसाशी जुळवून घ्यायला कसली हरकत?

पहिला अल्बम खूप चालला. ट्रॅक्टरवर, लग्नात, मोबाइलमध्ये, जिथे तिथे आम्हीच. तीन वर्षं माझा सूर जरा उतरला की भरत तो पुन्हा त्याच जागी आणून ठेवायचा.

मग दुसरा अल्बम तयार झाला. नऊ गाणी होती. शब्द नवे होते, पण बोटं माझ्यावर जुन्याच जागी पडत होती. मला ते कळत होतं, पण सांगणार कसं?

नंदुरबारच्या मोठ्या कार्यक्रमात तो अल्बम निघायचा होता. आठ दिवस आधी सगळे विसरवाडीला चहाला थांबले. नर्मदाबाईंच्या टपरीवर आमचा पहिला अल्बम रोज वाजायचा, म्हणून भरतने मोठ्या हौसेने नवा त्यांच्या स्पीकरला लावला. त्या कप विसळता विसळता ऐकत होत्या. चौथं गाणं सुरू झालं तेव्हा म्हणाल्या, "गोड शे रे भाऊ. पन हाई ते मागलंच शे ना? नवं कवय लावशी?" नवं कधी लावणार, असं त्या खरोखरच विचारत होत्या.

धीरजने बशीत ओतलेला चहा तसाच निवला.

परतताना मामा गाडीत पुढे डोळे मिटून बसले होते. मागे धीरज हलक्या आवाजात म्हणाला, मामांचा पावा एक, म्हणून आपली गाणीही एकासारखी एक. कीबोर्डमधला पावा घेऊ, हवा तो सूर मिळेल. मामांना आता घरी राहू दे.

भरतने मला जवळ ओढलं. त्याचे वडील गेल्यावर मामांनीच त्याला वाढवलं होतं. "हे त्यांना सांगणार कोण?" तो म्हणाला.

"मला ऐकू येतं," मामा डोळे न उघडता म्हणाले. "पावा एकच आहे, असं कुणी सांगितलं? घरी पाच आहेत."

"मग आणले का नाहीत, मामा?"

"तुझी गिटार याच्याशीच जुळते, असं वाटलं. यंत्राची वस्तू, उगाच बिघडायची. तू तरी कधी विचारलंस?"

"तुम्हाला राग येईल वाटलं."

मामा हसले. दोघांनी एकमेकांचा मान राखला आणि तीन वर्षं एकाच सुरात काढली. नंतर मामा धीरजला म्हणाले, "कीबोर्डवाले शेठ, आता माझ्या पाड्यावर जाऊन नवी गाणी बांधू. वाटेत चढ आहे. तुझे ड्रम तूच उचल."

धीरजने खाली मान घातली, पण ड्रम त्यानेच उचलले.

आज मी मामांच्या घरी खाटेवर आहे. या वेळी अल्बम निघणार नाही, असं भरतने कार्यक्रमवाल्यांना कळवलं, आणि ते नाराज झाले. पुन्हा बोलावतील की नाही, ठाऊक नाही. नवी गाणी लोकांना आवडतील की नाही, तेही ठाऊक नाही.

मामांनी सर्वांत आखूड पावा काढला. त्याचा सूर बराच वरचा. भरतने माझ्या खुंट्या पिळायला घेतल्या, तशी एक जुनी तार तुटली. त्याने घाबरून हात काढून घेतला. मला दुखलं, पण मी बिघडले नाही. तुमच्या घरी एखादं वाद्य असेल, तर त्याला इतकं जपू नका की त्याचा सूरच बदलायचा राहून जाईल.

आता नवी तार चढली आहे. मामा पावा ओठांशी धरून थांबलेत. भरत, खुंटी अजून थोडी पीळ. मी तयार आहे.