रविवारी पाहिलेला रस्ता

नगररचना खात्याचे आर्किटेक्ट ओल्गीन आमचा रस्ता बघायला आले ते रविवारी. बोगोटात रविवारी दुपारपर्यंत मोठे रस्ते मोटारींना बंद असतात. सगळीकडे सायकली नि मोकाट पोरं. हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, ओल्गीनसाहेबांना तर जास्तच, कारण ते स्वतःच घट्ट चड्डी घालून सायकलवरून आले होते. रस्त्याच्या मधोमध उभं राहून त्यांनी मीठ-लिंबू लावलेल्या कैरीचा पेला संपवला, फोटो काढले आणि शोध लावला: लोक इथे कुठूनही सहज रस्ता ओलांडतात, सिग्नलची गरज नाही.

बस टर्मिनस रस्त्यापलीकडे. त्याच्याभोवती नवं शहर उभं राहणार आहे म्हणे. आमच्या बाजूला टॉवर, आणि त्याच्या पार्किंगचं तोंड नेमकं आम्हा पायी चालणाऱ्यांच्या सिग्नलवर. काय हा योगायोग!

इसाकचं पाळणाघर टर्मिनसला लागून आहे. इसाक तीन वर्षांचा. हात सुटला की पळतो. मी विद्यापीठात संख्याशास्त्र शिकले, पण जोखीम म्हणजे काय ते या मुलाने शिकवलं.

चर्चच्या हॉलमध्ये सभा झाली. नकाशा भिंतीवर, चीजचे गरम पाव टेबलावर. गर्दी टेबलाकडे.

"डॉक्टर," मी म्हणाले. पदवी कसलीही असो, इथे कोट दिसला की डॉक्टर. "तुम्ही पाहणी रविवारी केलीत. रविवारी गाड्याच नसतात."

"कल्पना आहे, सेन्योरा. मी दर रविवारी सायकल चालवतो."

"मग?"

"म्हणून तर सांगतो, फार माणसाळलेला रस्ता आहे हा."

टाळ्या पडल्या. पुढच्या रांगेतल्या दोघांनी तर तोंडातला घास गिळायचीही वाट पाहिली नाही. शेजारी दोन्या ओलिवा, म्हणजे ओलिवाबाई होत्या, टर्मिनसच्या दाराशी कॉफीचं दुकान चालवणाऱ्या. त्यांनी माझा स्वेटर ओढला. "बस गं पोरी खाली. या लोकांच्या आठवड्यात सोमवार नसतोच."

थोड्याच दिवसांत, सिग्नलवाचून चालतं का याची चाचणी म्हणून, त्याच्यावर काळी प्लास्टिकची पिशवी चढली. त्यानंतर मी रोज सकाळी इसाकला कमरेवर आवळून, अनोळखी माणसांच्या घोळक्यात घुसून पलीकडे जायचे. एकदा त्याचा बूट मधेच पडला. बसखाली गेला. मी थांबले नाही. तो दिवसभर "माझा बूट" म्हणत रडला आणि मी दिवसभर ऑफिसात डोळ्यांपुढे त्या बुटात त्याचा पाय बघत राहिले.

मग एका मंगळवारी ओल्गीनसाहेब आले. टॉवरवाल्यांबरोबर फोटो काढायचा होता. त्याआधी त्यांना टर्मिनस बघायचं होतं. इसाकला कमरेवर घेऊन मी त्यांना फुटपाथवरच गाठलं.

"डॉक्टर, मीही तिकडेच निघालेय. चला, चालतच जाऊ."

त्यांनी एक पाय खाली टाकला. मोटारसायकलींची रांग सुसाट गेली, पाठोपाठ बस. पाय परत आला. पुन्हा टाकला, पुन्हा आला. शेवटी त्यांनी फोन काढून ड्रायव्हरला बोलावलं.

"बसा, सेन्योरा. मुलाला सोडतो."

मी बसले. पाळणाघराचं दार बंद व्हायला आलं होतं. अभिमान बाळगायला वेळ नव्हता. रस्ता ओलांडायला आम्ही गाडीतून पार उड्डाणपुलापर्यंत जाऊन वळून आलो.

"बघा," उतरताना ते म्हणाले, "तोडगा निघतोच."

म्हणजे माणसाने रस्ता ओलांडायला ड्रायव्हर ठेवायचा. हा माणूस पाच वर्षं शहर बांधायला शिकला.

इसाकला सोडून मी ओलिवांच्या दुकानात गेले आणि शटर ओढायची लांब आकडी मागितली.

"कशाला?"

"सोमवार आणायला."

"सांभाळ, दिवा फोडू नकोस," एवढंच म्हणून त्यांनी ती दिली.

दुसऱ्या झटक्यात पिशवी फाटली. खाली दिवा आपला चालूच होता, इतके दिवस, कुणाला न दिसता. लाल झाला. बस कचकन थांबली, मागच्यांनी माझ्या आईचा उद्धार केला, पण थांबले.

ओल्गीनसाहेब टर्मिनसच्या दारात घड्याळ बघत होते. गाडी वळवायला गेलेला ड्रायव्हर पुलाखाली अडकलेला, आणि आमच्या बाजूला टॉवरवाले फोटोसाठी खोळंबलेले. थांबलेल्या गाड्या दिसताच साहेब निघाले. माझ्या हातात आकडी, पायाशी फाटकी पिशवी. त्यांनी कशाकडेच पाहिलं नाही. त्या दिवशी सिग्नलवर रस्ता ओलांडणारा पहिला माणूस तो.

"डॉक्टर!" ओलिवा दारातून ओरडल्या. "आज रविवार आहे का हो?"

त्यांनी पावलं फक्त जरा जास्त झपाझप उचलली.

पिशवी अजून परत चढलेली नाही. त्यांच्या नव्या नकाशात मात्र सिग्नल नाहीच. चढली तर पुन्हा फाडीन. ओलिवांनी दुकानासाठी दुसरी आकडी घेतली आहे.