माझ्या पोटातले किडे

मी एक जुना प्रोजेक्टर आहे. काचपट्टीवरचा पाण्याचा थेंब मी पडद्यावर पाटाएवढा करून दाखवत असे. मित्रांनो, माझा स्वभाव संशयी आहे. कोणी हात लावला, की हा माझं भिंग लांबवणार, असंच मला वाटतं.

मरोळ गावठाणातला ह्युबर्ट अंधेरीच्या कारखान्यात फिटर होता. चोरबाजारातून त्याने मला आणलं, तेव्हा तो मला मोडीत घालणार याची मला खात्रीच होती. पण त्याने माझी भिंगं मलमलीने पुसली, नवा दिवा बसवला आणि मला घेऊन विज्ञानाची नाटकं केली. टाळ्या खूप मिळाल्या, तरी लोक वाकून माझ्या मागे कोण लपलंय ते बघत.

१९६७च्या मे महिन्यात त्याच्या बहिणीचं, ल्युसीचं, लग्न ठरलं. लग्नाच्या आदल्या दिवशी वाजतगाजत बावीवरून, म्हणजे विहिरीवरून, नवरीच्या अंघोळीसाठी उंबराचं पाणी आणायचं, अशी तिथली रीत. पाहुणेही त्याच बावीचं पाणी पिणार होते. पण बाव आटत आली होती, आणि गावठाणातल्या तीन मुलांना जुलाब लागले होते. पाणी उकळू या, असं ह्युबर्ट म्हणताच त्याची आई अँजेलिना भडकली.

"लग्नाच्या पाण्याला नावं ठेवतोस?"

म्हणून त्याने चौकात नाटक लावलं. त्याचा दोस्त जॉनी गोणपाट पांघरून किडा झाला. लोक पोट धरून हसले. मग माझा दिवा लागला, बावीचा थेंब पडद्यावर आला आणि त्यात खरंच काहीतरी वळवळलं.

"खोटं हाय ते!" अँजेलिना उठली. "किडे तुझ्या डब्यात हायेत, आमच्या बावीत नाय!"

लोकांनी माना डोलावल्या. मला फार लागलं. पण खरं सांगतो, क्षणभर मलाही माझाच संशय आला.

"मग तूच पाणी आण ना, आई," ह्युबर्ट म्हणाला.

तिने बावीचं पाणी आणलं. अर्धं स्वतः उकळलं, गार होईपर्यंत राखण केली आणि पदराखाली झाकून आणलं. थेंबही तिनेच ठेवला. पडदा स्तब्ध राहिला. मग कच्च्या पाण्याचा थेंब ठेवला. पुन्हा वळवळ!

तिने पदर कमरेला खोचला.

"ल्युसी, मोठं तपेलं काढ गं," ती म्हणाली.

उंबराचं पाणी वाजतगाजतच आलं. पिण्याचं मात्र चुलीवर चढलं, आणि अँजेलिना पहाऱ्याला बसली.

पुढे नळ आले, नाटकं थांबली. दहा वर्षं मी माळ्यावर आहे. माझ्या भिंगांत आता खरोखरच बुरशी धरली आहे. आज चांगलं पाणी ठेवलं तरी डागच दिसतील, आणि त्या माउलीचा आरोप खरा ठरेल. मित्रांनो, माझ्यावर संशय खुशाल घ्या. पण आधी एकदा माझी काच पुसा.