बोधाचे नऊ गुण

लीलेला जाग आली ती कुणीतरी दंड धरून गदागदा हलवल्यामुळे. डोळे उघडले तर पडद्यावर काहीच नव्हतं. दिवे लागले होते आणि थिएटरच्या बायकांच्या वर्गातल्या शेवटच्या चारदोन जणी बाकाखाली सरकलेल्या चपला पायांनी चाचपत होत्या.

"अगो बाय, ऊठ. खेल संपला."

हलवणारी गुणवंती कोळीण होती. रोज सकाळी भोईवाड्यात लीलेच्या दारी तिची पाटी उतरायची, आणि शुक्रवारी मासळी लवकर संपली की ती लालबागला तीनच्या खेळाला येऊन बसायची.

"संपला? अगं, मध्यंतरात तर मी जागी होते."

"व्हतीस ना. मंग मान पडली ती पडलीच. मी म्हटलं, झोपूं दे. घरी कोन झोपू देतंय तुला!"

लीला घाईघाईने चपला शोधू लागली. पहिला विचार नलूचा आला. आपण इथे घोरत असताना तिकडे पोरीला उबळ आली असली तर? अकरा दिवस झाले, आडवी केली की नलू खोकायची. म्हणून लीला तिला खांद्यावर घेऊन भिंतीला टेकून बसायची, आणि खोकला थांबला की जास्तच घाबरून तिच्या नाकापुढे बोट धरायची. दुसरा विचार आला तो परीक्षणाचा, आणि तोही काही कमी वाईट नव्हता.

गिरगावातून तात्या एक साप्ताहिक काढत. चळवळीचं साप्ताहिक, अग्रलेखापासून जाहिरातीपर्यंत सगळं संयुक्त महाराष्ट्राचं. त्यात शेवटच्या पानावर चित्रपटाचं परीक्षण असे, आणि त्याखाली दोन रकाने. एक रंजनाचा, एक बोधाचा. प्रत्येकी दहापैकी गुण. सही 'प्रेक्षक'. हा प्रेक्षक म्हणजे बी. ए. झालेली, अकरा महिन्यांच्या मुलीची आई आहे हे तात्या, लीला आणि तिचा नवरा मनमोहन सोडून बाहेर कुणाला ठाऊक नव्हतं. घरी सासूबाईंना होतं. नुसती सिनेमाला जाते म्हटलं असतं तर त्यांनी नलूला मांडीवर घेतलं नसतं. पण छापल्या कागदाचा त्यांना मोठा आदर. 'कागदाचं काम आहे' म्हटलं की शुक्रवारचे तीन तास लीलेला मिळायचे. आठवड्यात तेवढेच. परीक्षणाचं काम गेलं की ते तासही जाणार, हे तिला पक्कं माहीत होतं.

यावेळी सिनेमाच्या फुकट पासबरोबर तात्यांची चिठ्ठीही आली होती. "गोष्ट तीन भावांच्या घराची आहे. चुलता माजघर दाबून बसला आहे. माजघर म्हणजे मुंबई, हे ध्यानात घ्यावे. सेन्सॉरला कळले नाही, आपल्या वाचकाला कळले पाहिजे. बोधाचे नऊ तरी पडावेत."

बाहेर ऊन उतरलं होतं. दोघी परळच्या दिशेने चालू लागल्या. लीला झपाझप पाय उचलत होती आणि गुणवंती रिकामी पाटी काखेत मारून तिच्या बरोबरीने येत होती.

"पुढे काय झालं ते सांग ना," लीला म्हणाली. "चुलता माजघर सोडतो का?"

"सोडतो तं! थोरला भाव मोठं भाषन करतो. सगले एक व्हा, घर आपलं हाय, असं. लय लांब."

"छान आहे?"

"मला काय ठावं? भाषन लागलं का बाया पोरांना घेऊन भायेर जातात, मुतवायला. मी तीन वेला बगितला, तीनी वेला मी पान लावत व्हते."

लीलेला हसू आलं. "मग तीनदा कशाला बघितलास?"

"त्या धाकट्या सुनेसाठी." गुणवंतीची चाल मंदावली. "माजघर भेटतं. मंग तिथं पंगत बसते. सगले जेवतात, हसतात. ती बिचारी वाढते, वाढते, वाढते. मंग मागल्या पायरीवर जाऊन बसते. टोपातला भात खरवडून खाते. कोन हाक मारत नाय. बस, इतकाच. गानं नाय, काय नाय. पन सगल्या बाया रडल्या बग. माजी सासू मेली तवा मी रडले नाय, तितं रडले."

भोईवाड्याच्या नाक्यावर गुणवंती वळली, आणि लीला जिना चढता चढताच कान देऊन ऐकू लागली. खोकला ऐकू आला. म्हणजे श्वास चालू होता.

परीक्षण तिने त्याच संध्याकाळी, नलूला एका हाताने थोपटत, दुसऱ्या हाताने लिहून काढलं. न पाहिलेल्या भाषणाला 'ओजस्वी' म्हटलं. माजघराचा अर्थ नावं न घेता, पण शेंबड्या पोरालाही कळेल असा उलगडला. रंजन सहा, बोध नऊ. पायरीचा प्रसंग लिहायला घेतला, पण आपण तो पाहिलेला नाही, ऐकलेला आहे, हे आठवून खोडला. भाषणाच्या बाबतीत मात्र ते आठवलं नव्हतं. हे तिच्या लक्षात आलं ते शनिवारी, ठाकूरद्वाराला ट्राममधून उतरताना, आणि मग डोक्यातून जाईना.

सासूबाईंची सवलत फक्त शुक्रवारची, त्यामुळे नलू कडेवर होती. छापखान्यात शिरल्याबरोबर तिने छपाईच्या शिशाच्या खिळ्यांच्या खणाकडे हात लांबवला. लीलेने तो मुठीत धरून ठेवला. शिसं पोटात गेलं तर काय होतं, हे तिने कुठेतरी वाचलं होतं.

तात्यांनी चष्मा कपाळावर सरकवून कागद डोळ्यांशी नेला. "वा! 'ज्या घरात माजघर आपलं नाही, त्या घराचा दरवाजा कुणाचा?' लीलाबाई, अग्रलेखाला द्यावं असं वाक्य आहे हे."

"तात्या, तुम्हाला शेवट कसा वाटला?"

"उत्तम. ते भाषण म्हणजे..."

"आणि पायरीवरचं?"

"कुठल्या पायरीवरचं?"

लीला त्यांच्याकडे बघत राहिली. "तुम्ही पाहिलाच नाहीत?"

"अहो, सभा, मोर्चे, शिवाय हा अंक! सिनेमा कधी बघू मी? निर्मात्याने गोष्ट सांगितली. आपला माणूस आहे."

"मीही नाही पाहिला," लीला म्हणाली. "झोपले होते. मध्यंतरापासून शेवटपर्यंत."

तात्या हसले. ती हसली नाही, तेव्हा त्यांनी चष्मा खाली घेतला.

तिने गुणवंतीचं सगळं सांगितलं. भाषण लागलं की कोण उठतं, आणि कुठे रडतं तेही. "पूर्ण बघितलाय तो तिनेच. तिचं छापा. बोध असलाच तर तो त्या पायरीवर आहे असं मला वाटतं. पण तोही मी बघितलेला नाही."

तात्यांनी कागद टेबलावर ठेवला.

"खोटं आहे असं मी म्हणत नाही," ते म्हणाले. "पण हे छापलं की समोरचे काय म्हणतील? बघा, यांच्या भाषणाला यांच्याच बायका उठून जातात. माणसं मेली आहेत, लीलाबाई. हे दिवस पायरीवरच्या भाताचे नव्हेत."

तीही काही मुंबई सोडायला निघाली नव्हती. नलूला उबळ आली, लीलेने तिची पाठ चोळली, उबळ गेली.

"चारला जुळवलेल्या पानांचा फर्मा मशीनवर चढतो. नऊ मी घालतो," तात्या म्हणाले.

"घाला. खाली 'प्रेक्षक' नको."

"दोन वर्षांची सही आहे ती!"

"म्हणूनच. हवं तर तुमचं नाव घाला."

"गुणांसाठी एवढं?"

"गुणांसाठी नाही हो तात्या. बघितलेलंच नाही, तर..." वाक्य पुरं करण्याइतकी ताकद तिच्यात उरली नव्हती.

तात्या रागावले असते तर बरं झालं असतं. ते मायेने म्हणाले, "तुम्ही फार थकलात. पुढच्या आठवड्यापासून आपला कचेरीतला शरच्चंद्र लिहील. मुलीचा खोकला बरा होऊ दे. मग बघू." आणि खुर्चीवरून उठून त्यांनी नलूच्या डोक्यावर हात ठेवला. ते 'मग बघू' म्हणजे काय, ते लीलेला कळलं.

घरी आली तेव्हा सासूबाई सुपात सुक्या कोलंबीचे सोडे निवडत बसल्या होत्या.

"दिलास कागद?"

"दिला."

"पुढच्या शुक्रवारी कितीला जायचंय ते आत्ताच सांग. मागाहून माझी धांदल होते."

लीलेने खांद्यावर झोपलेल्या नलूला अलगद गादीवर ठेवलं. पोर खोकली नाही. लीला वाकून तशीच उभी राहिली.

"तीनला," ती म्हणाली.

"कुठला?"

"तोच."

"पुन्हा तोच?" सासूबाईंनी सूप बाजूला सारून वर पाहिलं. "कागद तर देऊन आलीस ना?"

"हो," लीला म्हणाली. "पण अर्धा बघायचा राहिलाय."