सगळ्या रकान्यांत एकशे वीस

सकाळी पोदेर पाव देऊन गेला आणि त्याच्या मागोमाग सेजल आली. काखेत लॅपटॉप, डोळे सुजलेले. चौथीपर्यंत ती माझ्या वर्गात होती. आता पेडण्याला कॉलेजच्या पहिल्या वर्षाला आहे. वर्षभर खपून तिने संगणकावर खेळायचा एक खेळ तयार केला होता. आमच्या केरीहून तेरेखोलला जाणारी फेरीबोट, तिच्यात मोटारसायकली, माशांच्या टोपल्या, बकऱ्या, माणसं अशी चढवायची की बोट कलंडता कामा नये. बुधवारी तो इंटरनेटवरच्या एका दुकानात विक्रीला लागला होता.

"सर, मी एका माणसाचा महिन्याचा पगार खाल्ला."

"आधी बस. पाणी पी. आता सांग, कोणाचा?"

"मुळगावचे रघुनाथ म्हणून आहेत. कुवेतला ट्रक चालवतात." तिने त्यांचं पत्र वाचून दाखवलं.

'बाय, गावाकडची फेरीबोट दिसली म्हणून खेळ घेतला. एकशे वीस लिहिलं होतं. मला वाटलं, रुपये. काल शुक्रवारची सुट्टी, दिवसभर खेळलो. संध्याकाळी बँकेचा मेसेज पाहिला. एकशे वीस दिनार गेले. माझा पगार तेवढाच आहे. दुकानवाले म्हणतात, दोन तासांहून जास्त खेळलात, पैसे परत मिळणार नाहीत. आता घरी काय पाठवू?'

"एकशे वीस दिनार म्हणजे किती?"

"चौतीस हजार रुपये, सर."

तिने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. डावीकडे देशांची यादी, उजवीकडे किमतीचे रकाने. रुपये, डॉलर, येन, दिनार. सगळ्या रकान्यांत एकशे वीस.

"दुकानाने प्रत्येक देशासाठी वेगळा आकडा सुचवला होता," ती म्हणाली. "मी ते सगळे पुसले."

"कशाला गो?"

ती खाली बघत राहिली. "तुम्हीच शिकवलं होतं. गोकुळदासाच्या गाड्यासमोर."

मला आठवलं. मुलांना घेऊन किनाऱ्यावर गेलो होतो. गोकुळदास गाववाल्याला वीस रुपयांना आणि पर्यटकाला चाळीसला आडसर, म्हणजे शहाळं, विकत होता. मी तिथेच वर्ग थांबवला आणि म्हटलं, माणसाचं तोंड पाहून भाव बदलायचा नाही, सगळ्यांना एकच. वहीतसुद्धा लिहून घ्यायला लावलं. या मुलीने ते इतकी वर्षं जपलं होतं.

"सेजल, तो धडा मी अर्धाच शिकवला," मी म्हणालो. "उरलेला आज शिकू. तुझ्या बोटीत बकरी एक आणि मोटारसायकल एक. दोन्हीचं वजन सारखं धरतेस?"

"नाही. बोट कलंडेल."

"का? एक म्हणजे एकच ना?"

मी घाई केली नाही. चहा गाळला, पाव तिच्यापुढे ठेवला. तिने पावाला हात लावला नाही.

"आकडा सारखा असला म्हणून भार सारखा नसतो," ती हळूहळू म्हणाली. "एकशे वीस येन म्हणजे आपले सत्तरेक रुपये. आणि एकशे वीस दिनार म्हणजे पगार. भाव एक ठेवायचा म्हणजे आकडा नव्हे, घेणाऱ्यावरचा भार सारखा ठेवायचा."

"आता रकाने भर."

तिने दुकानाने सुचवलेले आकडे परत आणले आणि एकेक तपासून पाहिला. कुवेतसाठी अर्धा दिनार. मग दुकानाला पत्र. तिला दोन पानं माफी मागायची होती. मी चार ओळी लिहायला लावल्या. काय भरलं, ते कसं चुकलं, कोणाचे पैसे गेले, माझा वाटा मला नको, सगळे त्यांना परत द्या. पैसे अजून दुकानाकडेच होते, तिच्या खात्यात एक पैसाही आला नव्हता.

रघुनाथांना मात्र तिने स्वतःच लिहिलं, 'दुकानाने नाही दिले तर मी देईन.'

"कुठून देणार?"

तिने लॅपटॉपवर हात ठेवला. "हा विकेन."

आणि तेही तिने पत्रात जोडलं. तिने योग्य तेच लिहिलं होतं.

रविवार तसाच गेला. सोमवारी दुपारी तिला घरात बसवेना, म्हणून आम्ही किनाऱ्यावर गेलो. गोकुळदासाने सगळी हकिगत ऐकून घेतली आणि कोयता खाली ठेवला.

"वा मास्तर! माझे दोन दर होते तर भर वर्गासमोर माझी लाज काढलीत. आता ह्या सेजल चेडवाला देशोदेशीचे दर शिकवता?"

"तुझी गोष्ट वेगळी. तुझं गिऱ्हाईक आणि मी एकाच वाळूत उभे असतो, एकच रुपया मोजतो."

"म्हणजे मी अजून चोरच!"

सेजलच्या हातातला फोन वाजला. तिने वाचलं, परत वाचलं आणि फोन माझ्यापुढे धरला. दुकानाचं उत्तर होतं. किंमत चुकून भरली गेली हे मान्य, गिऱ्हाइकाला पूर्ण रक्कम परत करत आहोत.

ती वाळूतच बसली. तेवढ्यात फोनवर रघुनाथांचा व्हॉइस मेसेज आला, मागे ट्रकची घरघर.

"बाय, दुकानाचं पत्र मलाही आलं गो. आठवड्यात पैसे बँकेत येतात म्हणे. बायकोला फोन केला, तीसुद्धा आता जेवली. तू लॅपटॉप विकू नको हां. खेळ अर्ध्या दिनारला दिसला, परत घेतलाय. पण तिसऱ्या फेरीत ती बकरी दर वेळी पाण्यात पडते. ती चूक माझी नाय, तुझी."

"खरं आहे, सर," सेजल डोळे पुसत म्हणाली. "तिचं वजन मी चुकीचं धरलंय. आज दुरुस्त करते."

गोकुळदासाने आडसर फोडून तिच्या हातात दिलं. तिने एका दमात संपवलं, आतली मलई खरवडून मागितली आणि मग विचारलं, "सर, तुमच्याकडे सकाळचा पाव उरलाय?"