मिठाच्या डब्यातला धागा

दर गुरुवारी चौसाळ्यात धागेवाल्या महाराजांपुढं आयांची रांग लागायची. प्रत्येकीनं हाताला धरून आणलेलं सहावी-सातवीचं एक रुसलेलं लेकरू.

"धागा बांधला की डोकं उघडलं!" महाराज गर्जायचे. "पर एकवीस दिवस सांजच्याला घरच्या माणसानं लेकराजवळ बसायचं. पाठीवर हात ठेवायचा. हातात मोबाइल आला, का धागा मेला!"

अन् गुण यायचा! वहीला न शिवणारी पोरं धडे वाचायला लागली. गाव हात जोडायचं. मला मात्र त्या धाग्याचा संशय होता.

कारण आमच्या शिवकन्येला गुण आला नाही. ती माझ्या थोरल्या जावेची लेक, सातवीत. दसरा झाला की आईबाप ऊसतोडीला जातात, ती आमच्याकडं राहते. यंदा तिनं अभ्यासच सोडला. सासूबाईंनी धागा बांधून आणला, पण जवळ बसणार कोण? त्या शेतात, मी तान्ह्यात अडकलेली.

महाराज म्हणाले, "हिच्यावर सावली हाय. शाळा बंद करा."

थोरल्या दिरांचा, भागवतदादांचा, उसाच्या फडावरून फोन आला. "मन लागंना तर घेऊन जातो. आमच्यासंगं मोळ्या बांधंल. महिनाभर वाट बघतो."

बारा वर्षांची पोर!

त्याच सांजेला मी धागा कापून मिठाच्या डब्यात टाकला, तिच्या हाताला शिलाई मशीनचा काळा दोरा बांधला, अन् तान्ह्याला मांडीवर घेऊन तिच्याजवळ बसले.

ती सरकली. "काकू, तू कशाला बसलीस? बाबानं नजर ठेवाय सांगितलं का?"

"न्हाई. मला ऐकायचंय."

"लई दिवस न्हाई बसायची तू."

संशयात ती माझ्याही पुढं! आठवडाभर तिची पाठ हाताखाली ताठ. नवव्या दिवशी ती वाचता वाचता थांबली. "आई अशीच बसायची." मी फोन लावला. पोरीनं धडा वाचला, जाऊ फडावर ऐकत राहिली. मग रोजच.

तीन आठवड्यांनी शाळेतल्या उज्ज्वला मॅडमनी वाटेत गाठलं. "शिवकन्येनं आज गणिताला हात वर केला!"

सासूबाई तिला घेऊन महाराजांच्या पाया पडायला निघाल्या. डबा घेऊन मीही.

"बगा! माझ्या धाग्यानं सावली पळाली!"

मी डबा उघडला. "महाराज, तुमचा धागा ह्यो. तीन आठवडे मिठात हाय. मीठ अजून वाचाय लागलं न्हाई."

रांगेत हशा.

"श्रद्धा लागती, बाई!"

"पहिल्या बारीला धागा होता, श्रद्धाबी होती. बसाय माणूस नव्हतं. आता माणूस हाय, अन् हाताला माझ्या मशीनचा दोरा."

मागून एक मावशी पुटपुटली, "मंजी आमच्या पोराचंबी..."

"तुमी बसलात, मावशी. गुण तुमच्या हाताचा, नाव ह्यांचं."

लेकराला आधी आपलं माणूस लागतं, मग पुस्तकात मन लागतं. माझ्यावर विश्वास ठेवू नका. धागा सोडा, जवळ बसा अन् स्वतःच पडताळून बघा.

घरी येताच शिवकन्येनं तो दोराही तोडला. "ह्यो नसला तरी तू बसशील?"

"बसीन."

तेवढ्यात दादांचा फोन आला. महिना भरत आला होता; मला वाटलं, पोरीला न्यायलाच येतात. न्यायचं नावच नाही.

"शिवू," ते म्हणाले, "आज कोणता धडा हाय? मीबी बसलोय."