चांगलं बोलायचं नाही

माझं नाव केरबा. आईनं ठेवलेलं, आणि विचार करून ठेवलेलं. माझ्या आधीची चार पोरं गेली होती. पाचवा मी झालो तेव्हा तिनं मला सुपात घालून दारच्या उकिरड्यावर ठेवलं. शेजारच्या प्रयागबाईनं "कुनाचं गं हे टाकलेलं पोर?" म्हणत मला उचललं आणि मूठभर कोंड्याच्या बदल्यात परत आईच्या पदरात घातलं. झालो मी केरातला. केरातल्या पोराला दृष्ट लावायला कोण येतंय?

इथवर माझी काही तक्रार नाही. आमच्या शेळगावात माझ्यासारखे आणखी दोघं-तिघं होते. पण त्यांच्या आया पोर पाच वर्षांचं झालं की ते सगळं विसरल्या. माझी आई विसरली नाही. माझे वडील मानमोडीच्या तापाच्या साथीत गेले, त्यानंतर तर तिनं जास्तच धरून ठेवलं. बावीस वर्षांत तिच्या तोंडून माझ्याबद्दल एक बरा शब्द निघाला नाही. कुणी म्हणालं, "सारजा, पोरगं अंगापिंडानं झ्याक निघालं," की ही लगेच बाजूला थुंकायची. "कसलं झ्याक? आतनं पोकळ हाय त्ये." मी कालव्याच्या चौकीवर चिठ्ठ्या पोचवायच्या कामाला लागलो तेव्हा म्हणाली, "चार दिसांत हाकलून देत्याल." कुणी हाकललं नाही. पाटाच्या कडेनं रोज आठ-दहा कोस पळून मी चिठ्ठ्या पोचवत होतो, आणि घरी आलो की ही भाकरी वाढता वाढता म्हणायची, "तुझ्यानं काय व्हतंय?"

मायेपोटी बोलते, असं सगळे सांगायचे. मला काय ते ठाऊक नव्हतं? पण असली माया रोज कानात ओतली की आत जाऊन तिचं काय होतं, हे सांगणाऱ्यांनी एकदा स्वतः ऐकून बघावं.

एकोणीसशे पस्तीस साली बारामतीच्या एका गुळाच्या व्यापाऱ्यानं दर सालाची शर्यत सुरू केली. इंदापूरच्या कचेरीपासून बारामतीच्या पेठेपर्यंत, पंधरा कोस, पायी पळत. पहिला येईल त्याला जरीचा फेटा आणि चांदीचं कडं. वीसेक गडी उतरले. माझ्याइतकं रोजचं पळणं त्यांतल्या एकाचंही नव्हतं. निमगाव सोडलं तेव्हाच मी पुढं होतो.

शर्यतीची वाट आमच्या शेळगावातूनच जाते. गाव सगळं रस्त्याला उभं. मी सगळ्यांत पुढं येताना दिसलो तशी लोकांनी आरोळी ठोकली, आणि त्या आरोळीवर आवाज चढवून माझी आई ओरडली, "अरं बस की आता! तुझ्यानं व्हायचं न्हाय! चल घरला!" लोक हसले. मी पुढं गेलो. लासुर्णं गेलं, सणसर गेलं. काटेवाडीजवळ पोटरीत गोळा आला. गोळा येतोच, रोज येतो, रोज मी त्याच्यासकट पळतो. त्या दिवशी मात्र डोक्यात आईचा आवाज सुरू झाला. तुझ्यानं व्हायचं न्हाय. दर पावलाला एकदा. शंभर पावलं मी तो ऐकला आणि लिंबाच्या झाडाखाली बसलो. बारामती तीन कोसांवर राहिली होती. माळेगावचा भीमा मला ओलांडून गेला, फेटा बांधून घरी गेला.

घरी आलो तर आई म्हणाली, "मी सांगितलंच हुतं." तिच्या चेहऱ्यावर समाधान होतं. त्या दिवसापासून मी तिच्याशी नीट बोललो नाही. मनात एकच धरलं. पुढच्या साली ही शर्यत जिंकायची आणि हिच्याच तोंडून, सगळ्या गावासमोर, एक चांगला शब्द वदवून घ्यायचा. फेटा गेला उडत, कडं गेलं उडत. मला तो शब्द पाहिजे होता.

आमच्या वस्तीजवळ संभाजी तात्या राहायचे. पहिल्या लामात, म्हणजे चौदा सालच्या महायुद्धात, पलटणीबरोबर मेसोपोटेमियात जाऊन आलेले. एक दिवस त्यांनी मला पाटावर अडवलं.

"केरबा, काटेवाडीला पाय गेलं व्हतं का डोकं?"

"डोकं," मी म्हणालो. खोटं कशाला बोलू?

"वाटलंच मला. आरं, आमी वाळूत बारा-बारा कोस चाललोय. जो मनात 'मेलो, मेलो' म्हनायचा, त्यो तितंच बसायचा. आन् जो सोताला गोंजारत चालायचा, त्यो तळावर पोचायचा. तू पळताना सोताशी काय बोलतुस?"

मी सांगितलं. तात्यांनी कपाळावर हात मारला.

"चढाला गाडी लागली की बैलाला काय म्हनतुस? 'तुझ्यानं व्हायचं न्हाय' म्हनतुस का?"

"न्हाय. 'चल माझ्या राजा' म्हनतो."

"मंग बैलाला राजा आन् सोताला केर? बैलापरीस कमी हाईस का रं तू? आजपासनं मोठ्यानं बोलायचं. 'चल माझ्या राजा, पाय हायेत, दम हाय, रस्ता सरतोय.' तुला ऐकू गेलं पायजे."

ऐकायला सोपं. करून बघितलं तेव्हा कळलं, आईनं मला किती आतपर्यंत शिकवलं होतं ते. "दम हाय" म्हटलं की माझी मान आपोआप बाजूला वळायची आणि मी थुंकायचो. स्वतःचं चांगलं बोललं की थुंकायचंच, नाहीतर दृष्ट लागते. "पाय हायेत." थू. "रस्ता सरतोय." थू. तीन कोसांत तोंड पार कोरडं पडायचं, जीभ टाळूला चिकटायची, आणि चौकीवर पोचलो की मी चिठ्ठी देण्याआधी रांजणावर तुटून पडायचो. तिथला शिपाई हसायचा. मला तर स्वतःच्या तोंडाची लाज वाटायची. पळणारा गडी मी, आणि पळायचं सोडून थुंकत बसायचो!

तात्यांनी ते पाहिलं आणि जे चिडले! "कुनाला भितोस रं येवढा? पाण्याविना मरशील, दृष्टीनं न्हाय! गीळ ती थुकी!" मी गिळली. त्या दिवशी घरी येईपर्यंत वाटत होतं, आता काहीतरी होणार, बैल लाथ मारेल, साप निघेल. काही झालं नाही. तेव्हा मला इतका संताप आला की पाटाच्या भिंतीवर मी लाथ मारली. बावीस वर्षं मी फुकट घाबरत होतो.

छत्तीस सालची शर्यत मार्गशीर्षात झाली. सूर्य उगवायला इंदापुरातून सुटलो. भीमाही होता. निमगावापर्यंत तो पुढं, मी त्याच्या मागं वीस पावलांवर. गावं लागली की मी ओठ मिटायचो, गाव गेलं की बोलायचो. चल माझ्या राजा. चढ आला तरी राजा, ढेकूळ लागलं तरी राजा. भीमानं एकदा वळून बघितलं, याला वेड लागलं की काय म्हणून.

शेळगावात गाव पुन्हा रस्त्याला उभं होतं. यंदा मी दुसरा. आई पुढं आली होती, पार रस्त्याच्या मध्यापर्यंत. "केरबा, बस आता! मागल्या सालापरमानंच हुनार! तुझ्यानं व्हायचं न्हाय!"

मी थांबलो नाही. पण तिच्या जवळून जाताना, ओठ न मिटता, तिच्या तोंडावर मोठ्यानं म्हणालो, "चल माझ्या राजा! दम हाय!"

तिचा हात हवेत तसाच राहिला. मला बरं वाटलं. खोटं सांगत नाही, फार बरं वाटलं.

लासुर्ण्याच्या पुढं भीमाला गाठलं. सणसरपर्यंत आम्ही खांद्याला खांदा लावून पळालो. मग पोटरीत तोच गोळा आला, आणि गोळ्याच्या मागोमाग तो आवाज. तुझ्यानं व्हायचं न्हाय. ऐकू आलंच. ते कुठं जाणार होतं? पण यंदा त्याच्यावर बोलायला माझ्याकडं माझं काहीतरी होतं. तो एकदा बोलला की मी दोनदा बोलायचो. "पाय हायेत. पाय हायेत." पुढं पुढं तर शब्दही राहिले नाहीत, नुसतं राजा, राजा, राजा. काटेवाडीचं लिंबाचं झाड आलं. मी त्याच्याकडं बघितलंही नाही. भीमा त्या झाडाच्या आसपास कुठंतरी मागं पडला.

बारामतीच्या पेठेत मी एकटा शिरलो. लोकांनी उचलून घेतलं. व्यापाऱ्यानं फेटा बांधला, कडं घातलं, पेढा भरवला. मला त्यांतलं काही नको होतं. मला शेळगावला जायचं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी गाडीतून गावात आलो. हलगी वाजत होती, पन्नासेक माणसं मागून येत होती. आई दारात बसून वांगी निवडत होती. बाजाराची पाटी भरायची होती. मी फेट्यासकट तिच्यासमोर उभा राहिलो. हलगी थांबली.

प्रयागबाई म्हणाली, "सारजा, पोरानं नाव काढलं गं तुझ्या!"

आईनं वर बघितलं नाही. एक किडकं वांगं बाजूला टाकलं. "कसलं नाव? बाकीची लंगडी असत्याल."

मग मात्र माझं डोकं फिरलं. फेटा काढून मी तिच्या वांग्यांत फेकला.

"एक शबुद! एक शबुद बोल की गं माझ्याबद्दल! बैलाला बोलतीस, शेरडाला बोलतीस. मी काय केलंय तुझं? काल पंधरा कोस सोताच सोताला चांगलं बोलत गेलो, कारन तू कधी बोलली न्हाईस! राजा म्हनलं मी मला! समद्या रस्त्यानं, मोठ्यानं, राजा म्हनलं!"

ती उठली. माझ्या मुस्काटात मारणार असं सगळ्यांना वाटलं. मलाही वाटलं, आणि मी गाल पुढं केला. तिनं हात उचलला आणि हाताची मागची बाजू माझ्या कपाळाला लावली. मग गळ्याला. मग पुन्हा कपाळाला.

"येवढ्यांदा म्हनलास?" ती अगदी हळू बोलली. "थुकला तरी व्हतास का न्हाय?"

"न्हाय थुकलो."

"ज्योतीबाला मी राजा म्हनायची," ती म्हणाली. ज्योतीबा हे माझ्या सगळ्यांत थोरल्या भावाचं नाव, ते मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. "तीन वर्साचा व्हता. दारात पळत व्हता, तुझ्यागत. मी चार बायकांत म्हनलं, बगा की माझा राजा कसा पळतोय. सांच्याला ताप भरला. तिसऱ्या दिशी गेला. मंग बाकीच्या तिघांना मी तसलं काय म्हनलं न्हाय. नुसतं मनात म्हनायची. ती बी गेली. मंग तुझ्या येळंला मी मनात बी म्हनायचं सोडलं."

हलगीवाला हलगी काखेत मारून निघाला, त्याच्यामागून बाकीचे. मला अजून ओरडायचं होतं. पोटात सगळा राग तसाच होता आणि तो ठेवायला जागा सापडत नव्हती. ज्योतीबावर काढू? तापावर काढू? हिच्यावर काढावा तर हिचा हात अजून माझ्या कपाळावर.

तीन दिवस तिनं मला चौकीवर जाऊ दिलं नाही. तासातासाला अंगाला हात लावायची. मी हात झटकून टाकायचो, चिडायचो, "मला काय झालंय का?" म्हणायचो, आणि ती तासाभरानं पुन्हा यायची. मी नीट जेवलो. नीट झोपलो. ती मात्र झोपली नाही.

चौथ्या दिवशी सकाळी वांग्याच्या वाफ्यात मी पाणी धरत होतो. ती बांधावर आली. इकडंतिकडं बघितलं. रानात आम्ही दोघंच.

"चांगला पळलास," ती म्हणाली.

एवढंच. तेही असं, की शेजारच्या वाफ्यात कुणी असतं तर त्याला ऐकू गेलं नसतं. बोलली आणि तिथंच बांधावर मटकन बसली, आणि माझ्याकडं टक लावून बघायला लागली. ओठ पांढरे पडले होते. आता हा पडतो की काय, आता याचं काय होतं, हे ती बघत होती.

मला बोलायला खूप होतं. बावीस वर्षांचं साचलेलं होतं. वाफा भरून पाणी बांधावरून वाहायला लागलं, तरी मी फावडं उचललं नाही. तिला नीट दिसावं म्हणून तिच्यासमोर चिखलात तसाच उभा राहिलो, तिची खात्री पटेपर्यंत.